चांदभाईंचा वाळा

बाजाराच्या दिवशी भरलेली जीप रिकामी करायला लावणारा माणूस एकतर पोलीस असतो, नाहीतर माझी बहीण.

तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार होता. कारेगाव फाट्यावर माझी ट्रॅक्स उभी होती. आत माणसं कोंबलेली, टपावर मेथी-कोथिंबिरीची गाठोडी, मागच्या फळीवर दोघं लोंबकळत. मी चावी फिरवणार, तेवढ्यात सुलक्षणाताई गाडीसमोर येऊन उभी राहिली. पायात चप्पल नाही, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खुरपं.

“सगळ्यांना उतरव. दौंडला जायचंय.”

“ताई, बाजार हाय आज.”

“सत्या, उतरव म्हणते ना!”

पुढच्या सीटवर हौसराव बसले होते. ते म्हणाले, “आगं, पर माझी मेथी सुकंल की.”

“मेथी सुकल्यानं कुणी मरत न्हाई, आप्पा,” असं म्हणून तिनं त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

माणसं उतरली. उतरताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, तो इथं लिहीत नाही. मी आतल्या आत उकळत होतो. वडापवाल्याचा आठवडा त्या एका दिवसावर चालतो, आणि हिला तोच दिवस सापडला! पण ताई कॉलेजात शिकवते, चारचौघांत आवाज चढवणारी बाई नाही. हातातलं खुरपं खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. ते बघितलं आणि मी मुकाट्यानं गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला वळवली.

“आता तरी सांगशील का?”

“चांदचाचांनी वाळा काढला,” ती म्हणाली. “मुळं घेऊन दौंडला गेलेत. मोहरमच्या सबिलीच्या रांजणात टाकायला. लोकांना ते पाणी पाजणारेत.”

मी ब्रेकवर पाय ठेवला, पण दाबला नाही. उलट गाडी चौथ्यात टाकली.

हे समजायला आधी ओढ्याचं सांगायला हवं. आमच्या वस्तीखालून एक ओढा जातो. वरच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. तिथं नळांना, दांड्यांना, मोटारसायकलींच्या हँडलांना क्रोमची चकाकी चढवायचे. काही वर्षं शेड धडाक्यात चालली आणि एक दिवस मालक कुलूप लावून जो गेला तो गेलाच. चकाकी तो घेऊन गेला. पिवळं पाणी आणि गाळ तेवढा आमच्या वाट्याला ठेवला. गुरं त्या पाण्याला तोंड लावीनात. ओढा पुढं घोडनदीला मिळतो, घोड भीमेला, आणि भीमा दौंडवरून जाते. म्हणजे आमची घाण वाटेत सगळ्यांना भेटत जाणार.

ताई शिरूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. गाळ उपसून टाकायचा कुठं, या प्रश्नावर पंचायतीनं हात वर केले तेव्हा तिनं ठरवलं की तो झाडांकडूनच साफ करून घ्यायचा. बाहेरची झाडं नकोत, इथलीच, जी आपल्या चिखलात जन्मली आणि वाढली ती. काठानं वाळा, डबक्यात पाणकणीस, मधल्या ओलीत लव्हाळा. मी तिचं नाव चिखलाची डॉक्टर ठेवलं आणि ते गावभर झालं.

ग्रामसभेत सरपंच सोपानराव तिला म्हणाले होते, “झाडं गाळ धुत्यात व्हय? मंग मी बायकूला सांगतो, उद्यापासनं धुणं बाभळीखाली ठिवून ये.”

सगळी सभा हसली. ताई चिडली नाही. तिनं विचारलं, “सरपंच, उन्हाळ्यात तुमच्या माठात काय असतं?”

“वाळ्याची जुडी.”

“कशाला टाकता?”

“पाणी ग्वाड लागतं. गार पडतं. बाधत न्हाई.”

“मग तेच काम वाळा ओढ्यात करील. फक्त माठ मोठा हाय.”

सगळ्या माना एकदम हलल्या. म्हाताऱ्यांना तर इतकं पटलं की जणू ही कल्पना त्यांचीच होती. ठराव तिथंच झाला. मी मागं उभा राहून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

“त्या सभेत मी अर्धंच बोलले,” ताई आता खिडकीबाहेर बघत म्हणाली. “माठातला वाळा पाण्याला स्वतःचा वास देतो. ओढ्यातला वाळा गाळातला क्रोम ओढतो आणि आपल्याच मुळात धरून बसतो. गेल्या महिन्यात पुण्याहून तपासणी आली. पानात जवळजवळ काही न्हाई. सगळं मुळात.”

“हे चाचांना सांगितलं नव्हतंस?”

“सांगितलं की! नाचत गेले होते मी. म्हटलं, चाचा, मुळांनी कमाल केली, सगळं काम मुळांनीच केलंय. चाचा म्हणाले, ‘मंग लई गुणाचा वाळा म्हनायचा ह्यो.’ मी म्हटलं, असा वाळा जिल्ह्यात न्हाई.” तिनं कपाळावर हात मारला. “अशी कशी रे मी गाढव!”

खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वाळ्याची जागा चांदभाईंच्या पट्टीला लागून होती. ओढ्याकाठी त्यांचा अर्धा एकर, एक विहीर आणि एक खोली. विहीर पिवळी पडल्यापासून तिच्यावर त्यांनी काट्या टाकून ठेवल्या होत्या. ताईच्या झाडांना कुंपण त्यांनीच घातलं, म्हशी त्यांनीच हाकलल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आयुष्यभर त्यांनी पाणीच पाजलं होतं. दौंड जंक्शनात थांबलेल्या गाड्यांच्या डब्यांत नळीनं पाणी भरायची त्यांची नोकरी. पण खिडकीतून कुणी रिकामी बाटली पुढं केली की नळी तशीच टाकून चांदभाई फलाटावरच्या पिण्याच्या नळाकडं पळायचे. साहेबांनी त्यावरून मेमोही दिले म्हणतात. आम्हा भावंडांना ते लहानपणापासून चाचा.

त्यांचा थोरला मुलगा फिरोज त्याच शेडमध्ये क्रोमच्या टाकीवर कामाला होता. वर्षभरात त्याच्या बोटांना गोल गोल भोकं पडली, हाडापर्यंत. नाकातून रक्त यायचं. शेड बंद पडली तरी बोटं भरत नव्हती. तेव्हा चांदभाईंनी मन्नत केली होती की पोराची बोटं भरली तर आशुऱ्याच्या दिवशी दौंडात सबील लावीन आणि वाळ्याचं पाणी पाजीन. मोहरमच्या दहाव्या दिवशी तहानलेल्याला पाणी पाजायचं, कारण करबलाच्या मैदानात पैगंबरांच्या नातवाचं पाणी तोडलं होतं. आमच्या गावातही ताबुताचा डोला उचलायला निम्मे खांदे आमच्या घरांतले असतात, त्यामुळं हे आम्हाला नवं नाही. फिरोजची बोटं भरली. त्याला रेल्वेत काम लागलं, लग्न झालं, दौंडात बिऱ्हाड झालं. आणि त्या साली मोहरम ऐन चैत्रात आला. वाळ्याच्या पाण्याला याहून बरा महिना कुठला?

सकाळी ताई वाळ्याचे नमुने घ्यायला गेली तर एक आख्खी ओळ उकरलेली. चोरी म्हणावी तर ठोंब परत नीट लावलेले, वर माती दाबलेली. मुळं तेवढी नाहीत. शेजारच्या मुक्ताबाईंनी सांगितलं, “आगं, चांदभाईंनीच काढली. चार दीस छपरावर वाळवत हुते. केवढा घमघमाट! पहाटंच्या यष्टीनं दौंडला गेले पोतं घिऊन.”

न्हावऱ्यात मी गाडी एसटीडी बूथसमोर उभी केली. फिरोजच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा नंबर ताईकडं होता. घंटी वाजत राहिली. परत लावला, परत तेच. बूथवाला म्हणाला, “आज ताबूत हायत, दुकानं बंद असतील.” ताईनं रिसीव्हर असा आदळला की तो बिचारा उठून उभाच राहिला.

“ताई, एकदाच सांग,” मी गाडी सुरू करत म्हणालो. “ते पाणी प्यालं तर माणूस मरतं का?”

“एका पेल्यानं न्हाई मरत.”

“मग माझा बाजार कशाला बुडवला?”

“फिरोजच्या बोटांना भोकं एका दिवसात पडली का?” ती माझ्यावर खेकसली. “त्या पाण्यात किती उतरलं असंल मला माहीत न्हाई, सत्या. कदाचित थोडंच. कदाचित जास्त. मला माहीत न्हाई, आणि जे मला माहीत न्हाई ते मी लेकराबाळांना पिऊ देऊ? तेही चाचांच्या हातनं? उद्या त्यांना कळलं तर?”

भीमेचा पूल ओलांडला. खाली नदी होती का नव्हती कळत नव्हतं, जलपर्णीनं सगळं पात्र हिरवंगार केलं होतं. ताईनं तिकडं बघितलंही नाही. ती सारखी माझ्या मनगटावरच्या घड्याळात डोकावत होती. शेवटी मी हात स्टिअरिंगखाली घातला.

केडगावचं फाटक लागलेलं. आधीच उशीर आणि त्यात मालगाडी, डबे संपता संपेनात. मी हॉर्न वाजवला. मालगाडीला हॉर्न वाजवणारा मी पहिलाच असेन. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. ताई उतरून फाटकापर्यंत गेली, परत आली, परत गेली. तिच्या चिखलाचे पाय उन्हात वाळून पिवळट दिसत होते. मला ते पाय बघवेनात.

“पाय धू आधी,” मी पाण्याची बाटली पुढं केली.

“दौंडात धुईन.”

“आत्ता धू म्हणतो ना!” मी एवढ्यांदा ओरडलो की माझं मलाच नवल वाटलं. भीती मलाही वाटत होती, ती अशी बाहेर पडली. तिनं गुमान पाय धुतले.

तोवर एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळायला लागली होती. आमच्या गावात ताईनं काहीही ओरडावं, चालतं. दौंडात आम्हाला कोण ओळखतो? सणाच्या दिवशी परकी बाई येते आणि सबिलीचं पाणी पाजू नका म्हणते, याचा लोक काय अर्थ लावतील? दिवस काही फार चांगले नव्हते. मी ताईला तसं म्हणालो. ती म्हणाली, “तू गाडीत बस. मी जाते.” म्हणजे झालंच की.

रेल्वे कॉलनीच्या मागं फिरोजची गल्ली. ताशाचा आवाज लांबून येत होता, म्हणजे ताबूत अजून पोचले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी हिरव्या कापडाचा छोटा मांडव, त्यात मातीचे दोन रांजण ओल्या तांबड्या फडक्यांत गुंडाळलेले. वास तर असा की गल्लीत शिरताक्षणी घशाला तहान लागली. एवढा चांगला वास वाईट पाण्याला येऊ शकतो हे मला अजूनही पटत नाही.

चांदभाई नवा सदरा घालून रांजणाशी उभे होते. हातात जुना पितळी कटोरा. बायका-पोरांची रांग लागलेली. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला परत गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

“आरं! तुमी आला? मला वाटलंच हुतं, सुलक्षणा येनार म्हनून. तुझाच वाळा हाय, पोरी. पयला कटोरा तुलाच.”

“चाचा, कुणाला दिलं का अजून?”

“ताबूत आल्याबिगर कसं देनार? म्या तेवढं चाखून बघितलं. साखर बराबर पडलीय का म्हनून.”

“चाचा, हे पाणी देऊ नका,” ताई हळू म्हणाली.

“का?”

तिनं सांगायला सुरुवात केली. तपासणी, मुळं, क्रोम. वर्गात शिकवताना तिला पाऊण तास मिळतो. इथं ताशा जवळ येत होता आणि रांगेतली माणसं पुढं सरकत होती. चांदभाई तिच्या तोंडाकडं बघत राहिले. “पर तूच म्हनालीस की वाळा घान साफ करतो. वढा साफ केला, तर ह्ये तर चांगलंच पानी हाय. आनखी चांगलं हुईल.”

“साफ करतो म्हणजे घाण स्वतःत घेतो, चाचा! ती जात न्हाई कुठं! ती त्याच्यातच राहते!”

आता तिचा आवाज चढला होता. रांगेतला एक गॉगल लावलेला तरणा पुढं आला. “क्या हुआ, चाचा? क्या बोल रही है ये?”

“या पाण्यात विष हाय,” ताई म्हणाली.

तो शब्द उच्चारायला नको होता. आयांनी पोरांना जवळ ओढलं, आणि ते पाण्याच्या भीतीनं नव्हे, आमच्या. गॉगलवाला म्हणाला, “विष कुनी टाकलं? तुम्हाला कसं म्हाईत? रिपोट हाय का?” मागून आणखी दोघं पुढं झाले. मी ताईच्या पुढं जाऊन उभा राहिलो. उगाच शौर्य सांगत नाही, मागं गाडी किती लांब आहे ते आधी बघून घेतलं. चांदभाईंनी हातातला कटोरा छातीशी धरला होता.

तेवढ्यात घरातून फिरोज आला. मागं त्याची बायको खातून, हातात पेल्यांचं ताट. फिरोजनं आधी बापाकडं बघितलं, मग ताईकडं.

“फिरोज,” ताई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. “तू ज्या टाकीत हात घालायचास, त्या टाकीचा गाळ या मुळांत आहे. बस, एवढंच आहे.”

त्याला तपासणी लागली नाही. तो तिथंच थांबला, एकदा आपल्या हातांकडं बघितलं आणि दोन पावलांत रांजणाशी गेला. आत वाकून डोकावला. मग एकदम मागं सरला आणि ओरडला, “पाल! पाल पडली रांजनात! कोई मत पीओ! हटो, हटो!”

रांग अशी फाटली की बोलायची सोय नाही. एक म्हातारी तोबा तोबा करत भिंतीला टेकली. रिपोर्ट मागणारा गॉगलवाला सगळ्यांत आधी मागं पळाला. पालीला कुणी रिपोर्ट मागत नाही. ताईच्या एवढ्या शिक्षणाला जे जमलं नाही ते न पडलेल्या पालीनं करून दाखवलं. कुणी आमच्याकडं आता बघतही नव्हतं. उलट एक जण मला म्हणाला, “बरं झालं बाईंनी वेळेवर बघितलं.”

चांदभाई रांजणाशी गेले. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग लेकाला विचारलं, “फिरोज, पाल किधर है?”

फिरोजनं आपला उजवा हात पुढं केला. बोटांच्या पेरांवर खळग्यासारखे वण होते, आत गुलाबी, कडेला काळपट. “ये देखो, अब्बा,” तो म्हणाला. “हीच.”

मला वाटलं म्हातारा आता कोसळतो. पण ते कोसळले नाहीत. त्यांनी कटोरा सदऱ्याच्या खिशात घातला, बाही वर केली आणि रांजणातून वाळ्याच्या जुड्या एकेक करून बाहेर काढल्या. पाणी निथळत होतं, घमघमत होतं.

“घरातल्या माठात टाकलाय का, चाचा? कुणाला दिलाय?” ताईनं विचारलं.

“मन्नतीचा वाळा घरात कसा वापरीन, पोरी?” ते म्हणाले. “समदा हिथंच हाय.”

शेजाऱ्यांनी धावपळ करून मशिदीच्या टाकीतून साधं पाणी आणलं, कुणी बर्फाची लादी आणली, खातून पातेल्यात साखर ढवळायला लागली. सबील थांबली नाही. ताबूत आले, ताशा घुमला, फिरोज आणि खातून पेले भरून देत राहिले. चांदभाई मात्र मांडवाच्या मागं पोत्यावर बसून होते. फिरोज बोलवायला आला तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ज्या पाण्यासाठी एवढी वर्षं वाट बघितली ते पाजता आलं नाही, आणि आता दुसऱ्याच्या पाण्याला हात लावून मन्नत फेडल्यासारखं करायचं त्यांना जमत नव्हतं. मला त्यांच्याकडं बघून रडायला येत होतं, म्हणून मी उगाच गाडीची काच पुसत बसलो.

रांजणातल्या पाण्याचं काय करायचं? मी म्हणालो, गटारात ओता. ताई म्हणाली, नाही. आमच्या ओढ्यातून जे उपटलं ते ओढ्यातच परत जाईल, इथल्या गटारातून भीमेत नाही. एवढ्याशा पाण्यानं भीमेला काय होणार, असं मी म्हणणार होतो. मी तरी वाद घातला असता. चांदभाईंनी नाही घातला.

“मी नेतो,” ते उठत म्हणाले. “माझ्या हातानं आलंय, माझ्या हातानं जाईल.”

फिरोजनं प्लॅस्टिकचे कॅन आणले. पाणी भरलं, वाळा पोत्यात घातला, आणि आम्ही परत निघालो. चांदभाई मागच्या बाकावर, दोन्ही बाजूंना कॅन, त्यांच्यावर एकेक हात. ताई माझ्या शेजारी. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मला आता घाई नव्हती, तरी पाय ॲक्सिलेटरवरून उठत नव्हता. घरी पोचलो की हे संपेल असं काहीतरी वाटत असावं.

भीमेचा पूल ओलांडून थोडं पुढं आलो तर रस्त्याच्या कडेनं एक बाई चालत होती. डोक्यावर बोचकं, पायात वेगवेगळ्या चपला. तिनं हात केला. सवयीनं मी थांबलो. ऊसतोडीची टोळी ट्रकनं पुढं निघून गेली आणि ही मागं राहिली होती. नाव विचारलं तर नकुशी म्हणाली. ती मागं चढली, चांदभाईंच्या समोर बसली, आणि बसल्या बसल्या नाक वर करून हुंगलं.

“वाळ्याचं पानी?” तिनं कॅनकडं बघून विचारलं. ओठ फुटले होते तिचे. “बाबा, घोटभर द्या की. सकाळपासनं पानी न्हाई मिळालं.”

मी आरशात बघत होतो. चांदभाईंचा हात आपोआप कॅनच्या झाकणावर गेला. दुसरा हात खिशातल्या कटोऱ्याकडं. आयुष्यभराची सवय, ती डोक्याला विचारून चालत नाही. झाकण अर्धं फिरलं आणि हात थांबला.

“न्हाई, बाई,” ते म्हणाले. “न्हाई देता येत.”

“दोन कॅन भरल्यात की, बाबा. घोटच मागती.”

“न्हाई.”

तिनं ज्या नजरेनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या डोक्यावरच्या टोपीकडं, नव्या सदऱ्याकडं, दोन भरल्या कॅनकडं, ती नजर मला आरशातही सोसवली नाही. आज कुठला दिवस आहे हे तिला माहीत नव्हतं. चांदभाईंना माहीत होतं. सगळ्या वर्षातल्या याच एका दिवशी, पाणी जवळ असताना, तहानलेल्याला नाही म्हणायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले आणि ते पुसायला त्यांच्याकडं हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी कॅनची झाकणं दाबून धरली होती.

माझी बाटली तर फाटकापाशी ताईच्या पायांवर संपली होती.

“सत्या,” चांदभाईंनी टपावर थाप मारली. “थांब. गाडी थांबव.”

रस्त्यापासून आत, एका शाळेच्या भिंतीशी हापसा दिसत होता. मी गाडी थांबवायच्या आतच ते उतरले आणि ढेकळांतून चालायला लागले. त्यांच्या वयाला शोभेल अशा चालीनं नव्हे, फलाटावर गाडी सुटायच्या आत बाटली भरून आणायची असल्यासारखे. ताई त्यांच्यामागं पळाली. हापसा कोरडा खडखडत होता. ताई दांड्यावर सगळं वजन टाकून हापसत होती, केस सुटले होते, आणि पाणी काही येईना. मी गाडीतून बघत होतो. इथं पाणी आलं नाही तर हा म्हातारा घरी जिवंत पोचणार नाही, असं मला त्या घडीला खरोखर वाटलं.

मग आलं. आधी बोटभर, मग धार.

चांदभाईंनी कटोरा धुतला. परत धुतला. तिसऱ्यांदा सदऱ्याच्या बाहीनं आतून पुसला आणि परत धुतला. मग दोन्ही हातांत धरून, थेंब सांडू न देता, ढेकळांतून परत आले आणि जीपच्या मागच्या दाराशी उभे राहून तो वर केला.

नकुशीनं कटोरा घेतला. प्यायच्या आधी तिनं पाण्यावर नाक नेलं आणि त्यांच्याकडं बघितलं.

“ह्येला वास न्हाई, बाबा.”

“न्हाई,” चांदभाई म्हणाले. “साधं हाय. पी.”

ती एका दमात प्याली. त्यांनी रिकामा कटोरा घेतला आणि विचारलं, “अजून?”

तिनं मान डोलावली. ते परत हापशाकडं निघाले. ताई दांडा सोडून बाजूला झाली नव्हती. मी गाडी बंद केली, चावी खिशात घातली आणि उतरून त्यांच्या मागं गेलो.